वर्षाला पाच टक्के : मुलांची शुगर मोजणाऱ्या यंत्राची समीक्षा

यंत्राची कसली समीक्षा करता, असं मघाशी एकाने विचारलं. कवितेची करतो तशीच. ते कुणाशी बोलतं, काय गृहीत धरतं आणि कुठे गप्प बसतं, एवढं बघायचं.

आजचं यंत्र लहान मुलांची शुगर मोजणारं. टाइप वन डायबेटिस झालेल्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते रोज टोचावं लागतं, आणि किती टोचायचं हे ठरवायला दिवसातून चारदा तरी शुगर बघावी लागते. डोस जास्त झाला तर मूल बेशुद्ध पडू शकतं, कमी पडला तर रक्तात आम्लं साचून जिवावर बेततं. म्हणजे पडद्यावरचा तो आकडा नुसती माहिती नाही, त्यावर पुढचा डोस ठरतो.

ओळखीच्या एका घरात सहावीतली मुलगी आहे. कोरडवाहू शेती. ग्लुकोमीटर कुणीतरी भेट दिला. पहिले दोन महिने वहीत रोजचे चार आकडे आहेत. मग एक. मग नुसते शनिवारचे. मी विचारलं, मशीन बिघडलं का? मुलगी म्हणाली, "नाही आजोबा, मशीन चांगलं आहे. पट्ट्या संपल्या."

आता हिशेब बघा. मीटर धरा हजार रुपयांचा. पट्टी धरा 20 रुपयांची. दिवसाला 4, वर्षाला 29,200 रुपये. भेट दिली ती हजाराची वस्तू. खरं यंत्र पट्टी आहे, आणि ती रोज चारदा फेकून द्यायची असते. दंडावर चिकटवायचा सेन्सर आला, बोट टोचणं बरंच वाचलं. पण त्यातला नेहमीचा एक सेन्सर 14 दिवस चालतो. वर्षाला 26 लागले, आणि एकेकाला काही हजार मोजायचे.

हे आठवलं की मला 1929 सालची एक जाहिरात आठवते. वर्ध्यात बसून आठवणारच. गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलकं हवं, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावं. बाईला ते फार न थकता आठ तास चालवता यावं. आठ तासांत 16,000 फूट सूत निघावं. किंमत 150 रुपयांच्या वर नको, वीस वर्षं टिकावं. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची अट: सुटे भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको.

ही पाच टक्क्यांची अट आमच्या मीटरला लावून बघा. हजाराचे पाच टक्के म्हणजे 50 रुपये. 50 रुपयांत अडीच पट्ट्या येतात. सकाळ, दुपार, आणि संध्याकाळी अर्धी!

कुणी म्हणेल, सर, चरखा आणि रक्ततपासणी एक नव्हे. पट्टीवर एन्झाइम असतं, ते एकदाच वापरता येतं. कबूल आहे. आणखी एक कबूल केलं पाहिजे, ते आमच्या गांधीवादी मित्रांना आवडणार नाही. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. किर्लोस्करवाडीहून यंत्र आलं होतं, परीक्षकांच्या अटींत ते बसलं नाही. सूत थांबू शकतं, मूल थांबू शकत नाही. म्हणून मी असं म्हणत नाही, की पाच टक्क्यांचं यंत्र येईपर्यंत हे वापरू नका. माझी तक्रार एवढीच, की वर्षाचा खर्च हा डिझाइनचाच भाग आहे असं त्या जाहिरातीने मानलं होतं. आम्ही तो गिऱ्हाइकाचं नशीब मानतो. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टने गरीब मुलांना इन्सुलिन, मीटर पुरवण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. त्यांच्याविषयी आदरच आहे. पण डिझाइनने सोडलेली जागा दानाने किती दिवस भरायची?

दुसरी गोष्ट उन्हाची. बहुतेक डब्यांवर लिहिलेलं असतं, 30 अंशांच्या आत ठेवा. आपला मे महिना 45 ला टेकतो. अनेक मीटर 40 च्या वर गेले की आकडाच देत नाहीत. इन्सुलिन माठाच्या गारव्यात ठेवता येतं, पट्टीला मात्र ओल चालत नाही. बिचारी आई दोन जिनसांना दोन हवामानं कुठून आणणार?

आणि आकडा वाचायचा कुणी? रिचर्ड बर्नस्टाइन हे अमेरिकन इंजिनियर स्वतः टाइप वनचे रुग्ण. 1969 मध्ये त्यांना असं यंत्र हवं होतं, पण ते डॉक्टर-दवाखान्यांनाच विकलं जाई. पत्नी डॉक्टर होत्या, त्यांच्या नावाने घेतलं! 2013 मध्ये जॉन कॉस्टिक या प्रोग्रामर बापाने मुलाच्या सेन्सरचे आकडे इंटरनेटवर आणले, मूल शाळेत असताना आपल्याला दिसावेत म्हणून. त्यातूनच पुढे नाइटस्काउट उभं राहिलं. दोघांनी यंत्राचं कुलूप बाहेरून उघडलं. बापाची झोप मला समजते. पण ज्याच्या दंडावर ते चिकटलंय, त्या मुलाला कुणी विचारलं? त्या कुशीवर मूल झोपलं तर सेन्सर दाबला जातो, शुगर खोटीच कमी दाखवतो, रात्री दोनला अलार्म, घरभर दिवे. वर्गात वाजला तर सगळी पोरं वळून बघतात. आमच्या मुलीला मी विचारलं, सेन्सर मिळाला तर कसा हवा? ती म्हणाली, "वाजायला नको. खिशात थरथरला तरी मला कळेल."

अनेक सेन्सरांसोबतच्या फोनवर अलार्मचा आवाज बंद करून नुसतं थरथरणं ठेवता येतं, पण शुगर अतिशय कमी झाल्याचा इशारा बहुधा बंद होत नाही. तो बंद होऊ नये, हेही बरोबरच आहे. मग किती शुगरला थरथरावं आणि किती शुगरला वाजावं? 70 ला? 55 ला? हा आकडा डॉक्टरने ठरवायचा, आईने की मुलीने, यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.

वेळ झाली. समोर मेडिकलची आणि इंजिनियरिंगची मुलं बसली आहेत. काहींनी प्रोजेक्टसाठी मीटर बनवलेत असं कळलं. त्यांतल्या ज्यांनी एका पट्टीची किंमत काढली असेल, त्यांनी आधी बोलावं.