रंगाखालचा रंग

टसरची रंगवलेली लडी हातात आली की नजर आधी रंगावर जाते आणि बहुधा तिथेच थांबते. पळसाचा पिवळा आवडतो, लाखेचा लाल आवडतो, आणि पारख तेवढ्यावर संपते. पण टसर रंगारणीच्या भांड्यात उतरते ते कोरे नसते. त्याला जंगलातून आलेला स्वतःचा रंग असतो. कधी मधाळ, कधी करडा. भांड्यातला रंग त्यावर चढतो आणि दोहोंतून तिसराच रंग उभा राहतो. हा तिसरा रंग जिला आधीच दिसतो, ती खरी रंगारीण. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत घरामागच्या सांदवाडीतल्या चुलीवर, दोन-चार पातेल्यांत होऊ शकणारी ही हातरंगाई मला मोठी कला वाटते ती याच कारणाने. तिची लडी कशी वाचावी, ते इथे मांडतो.

सुरुवात कोशापासून करायला हवी. महाराष्ट्रात तुतीचे रेशीम बऱ्याच जिल्ह्यांत होते; टसर मात्र गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्याचे. आरमोरी हे त्याचे जुने ठिकाण. इथली ढिवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या चढवतात आणि पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्यांपासून त्यांची राखण करतात. तुतीची अळी घरात, टोपलीत वाढते. टसरची अळी उघड्या झाडावर ऊन-पाऊस सोसत वाढते. ती पानासारखी हिरवी असते आणि अंगावर चांदीच्या टिकल्या चमकतात. चार वेळा कात टाकून झाली की कोश करायला बसते. त्याआधी ती फांदीभोवती एक कडे घालते, कड्यापासून कठीण देठ काढते आणि मग देठाखाली कोश बांधते. फळ झाडाला लटकावे तसा तो लटकतो. वाऱ्याने पडू नये, पावसाने भिजू नये, चोचीने फुटू नये, इतका टणक. कोश हाती घेऊन दाबून पाहावा; बोटच दुखते.

हा टणकपणा आणि टसरचा मूळ रंग यांचा संबंध आहे. अळी जे पान खाते त्यात तुरट द्रव्य भरपूर असते आणि कोशात ते उतरते. तुतीच्या पिवळ्या कोशाचा रंग मुख्यतः वरच्या डिंकात असतो. कोश सोड्यात उकळला, डिंक सुटला की आतले रेशीम पांढरे निघते. टसरचे तसे नाही. डिंक काढला तरी रंग राहतो, कारण तो तंतूतच मुरलेला असतो. आणि इथे या प्रदेशाची एक सुंदर गोष्ट लक्षात येते. रंगाईत ज्याच्यावाचून पान हलत नाही तो हिरडा, अळीचे अन्न असलेले ऐन आणि अर्जुन, शिवाय बेहडा, ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळीची भावंडे आहेत. अळीने एका भावाचा तुरटपणा पोटात घेतला, रंगारीण दुसऱ्या भावाचा तुरटपणा पातेल्यात घालते. हिरड्यात बुडवलेले टसर परके वाटत नाही, ते अधिक टसर होते.

आता सूत. एकेका कोशाचा तंतू फार बारीक, म्हणून चार-सहा कोशांचे तंतू एकत्र ओढून, पीळ देऊन धागा करतात. बारीक म्हटला तरी टसरचा तंतू तुतीच्या तंतूपेक्षा तीन-चार पट जाड असतो आणि त्याचा छेद चपटा असतो. तुतीचे रेशीम लखलखते. टसरची चमक दबलेली असते. धागा फिरवला की ती येते, पुन्हा फिरवला की जाते. याशिवाय दुसरे एक सूत आहे आणि घरगुती धंद्याच्या दृष्टीने मला तेच जास्त मोलाचे वाटते. बियाण्यासाठी राखलेल्या कोशांच्या माळा करून टांगतात. पतंग कोशाचे एक टोक ओले करून, मऊ करून बाहेर येतो. भोक पडलेल्या अशा कोशातून सलग तार निघत नाही. मग तो शिजवून, हाताने ओढून जे जाडसर सूत काढतात तो घिचा, आणि उरलेल्या चोथ्याची कताई करून जे निघते ते कटिया. सलग तारेचे सूत उंची साडीत जाते. घिचा आणि कटिया यांना पूर्वी दुय्यम मानत. पण हाताचा ठसा जितका यांत दिसतो तितका गुळगुळीत सुतात दिसत नाही: इथे जाड, तिथे बारीक, मध्येच एखादी गाठ, मध्येच तंतूंचा सैल झुबका.

इथे एक गोष्ट रसिकाने टाळून पुढे जाऊ नये. देशभरच्या टसर पट्ट्यात बायका हा धागा उघड्या मांडीवर तळहाताने वळत आल्या आहेत. त्या धाग्याची लय देखणी असते, हे खरे. मांडीची कातडी सोलवटते, हेही खरे. केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचे छोटे धागायंत्र याच कारणासाठी पुढे आणले. यंत्राच्या धाग्यात ‘ती मजा नाही’ अशी कुरकूर कानी येते. मला ती पटत नाही. कुणाच्या कातडीच्या किमतीवर मिळणारी लय मला नको. घिच्यातला हाताचा ठसा ओढण्याच्या कौशल्यातून येतो. त्याला मांडीची गरज नाही.

समोर घिच्याच्या तीन लड्या ठेवल्या आहेत. सूत एकाच तऱ्हेचे, भांडी वेगळी.

पहिली पळसाची. पळस फाल्गुनाच्या सुमारास फुलतो तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीत रस्त्याकाठचे रान पेटल्यासारखे दिसते. फुले वेचून, सावलीत वाळवून ठेवली की वर्षभर पुरतात. तुरटी दिलेल्या सुतावर ती पिवळी ते केशरी छटा देतात. पांढऱ्या तुतीवर हाच पळस भडक होतो. घिच्यावर तो खाली उतरतो, पिकतो. लडी उजेडाकडे धरून पाहिली की कळते, बारीक ओढलेल्या जागी पिवळा उजळ आहे आणि जाड झुबक्यात तो मधासारखा गडद. टसरचा तंतू घट्ट असतो, रंग सहजासहजी आत घेत नाही. जिथे तंतू सैल पडले तिथे जास्त पितो. म्हणजे ओढणाऱ्या हाताने जो जाड-बारीकपणा ठेवला होता, तोच आता रंगाने वाचून दाखवला. कातणारी आणि रंगवणारी एकाच घरातली सासू-सून असोत की दोन गावांतल्या अनोळखी बायका, या लडीत त्या एकमेकींशी बोलतात.

दुसरी लाखेची. लाखेचा किडा पळसावर आणि कुसुमावर पोसतो. तेव्हा हा लालही एका अर्थाने पळसाच्याच दारातला. कच्ची लाख कुटून पाण्यात घातली की रंग पाण्यात उतरतो. चिंचेचा आंबटपणा आणि तुरटी यांच्या जोडीने रेशमावर तो गर्द किरमिजी बसतो. पण ही लडी किरमिजी नाही. टसरच्या मधाळ रंगाने त्यातला गुलाबीपणा खाऊन टाकला आहे आणि उरला आहे तो भाजलेल्या विटेच्या जवळ जाणारा लाल. कच्च्या हाताची रंगारीण इथे घाबरते. लाल पुरेसा लाल झाला नाही म्हणून पुन्हा बुडवते, पुन्हा बुडवते. मग रंग गडद होतो खरा, पण खालचे टसर बुडून जाते आणि हातात राहते ते कुठलेही लाल सूत. ही लडी भांड्यातून वेळेवर बाहेर काढली आहे. कुठे थांबायचे, हे रंगवणारीला कळले.

तिसरी लडी मला सर्वांत आवडते. हिरडा आणि लोखंड. हिरड्याच्या पाण्यात सूत मुरवून मग लोखंडाच्या पाण्यात घातले की तुरट द्रव्य आणि लोह एकत्र येऊन काळपट रंग धरतो. पुष्कळ दिले तर काळा, बेताने दिले तर पावसाळी आभाळाचा करडा. लोह हा इथल्या मातीचाच धर्म; चंद्रपुरात लोहारा, गडचिरोलीत सूरजागड इथे लोहखनिज आहे. मात्र हे भांडे कठोर आहे. लोखंड जास्त झाले तर रेशीम खरखरीत होते, कालांतराने कुजते. या लडीतला करडा मऊ आहे. बोटांत चोळली तर सूत अजून सुळसुळते, आणि उन्हात धरली की करड्याच्या तळातून टसरचा मूळ मधाळ रंग डोकावतो. हा परिणाम पांढऱ्या तुतीवर मिळणार नाही, कारण खालचा रंगच तिथे नाही.

या अवघड धाग्यापुढे युरोपनेही बरीच खटपट केली. इंग्लंडातल्या लीक गावचा थॉमस वॉर्डल हा रंगारी हिंदुस्थानी टसर उजळ करून त्यावर रंग चढवण्याच्या मागे वर्षानुवर्षे लागला होता, आणि 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने हे टसर मांडले. नक्षीकार-कवी विल्यम मॉरिसने रंगाईचे धडे त्याच्याकडेच गिरवले होते. आजही हायड्रोजन पेरॉक्साइडने टसर उजळवून मग हवा तो रंग देता येतो. बाजाराच्या मागणीसाठी तेही करावे लागते आणि त्यात कमीपणा नाही. पण उजळवलेले टसर आपले अर्धे म्हणणे आधीच मागे घेते. युरोप-अमेरिकेत घरी चरखा चालवणारे हौशी कातकर रंगवलेले टसर विकत घेतात ते त्याच्या मधाळ तळरंगासाठी. त्यांच्या हाती पडणारा पुष्कळ माल चीनमधल्या, ओकची पाने खाणाऱ्या भावकीतल्या किड्याचा असतो. ऐनाच्या पानावरचे आमचे सूत त्याच्या शेजारी अभिमानाने बसू शकते.

हा तळरंग राखण्याची शहाणीव आपल्या विणकरांना पूर्वीपासून आहे. नागभीड, मोहाडी, आंधळगाव इथल्या कोष्ट्यांची करवती साडी पाहावी. अंगात बिनरंगी टसर आणि काठात रंगीत सूत. तीन धोट्यांनी विणत काठाचा रंग अंगात मिसळू द्यायचा नाही आणि सांध्यावर करवतीचे दाते उमटवायचे, ही तिची करामत. गडद लाल किंवा हिरव्या काठाशेजारी टसरचे ते न रंगवलेले अंग इतके खुलते की त्याला दुसरा रंग द्यावासा वाटत नाही. तिथे रंग कुठे लावायचा नाही, हे ठरवणे हीच रंगाई आहे. घरी घिचा रंगवणाऱ्या बाईने याच परंपरेचा धागा हाती धरावा.

धंदा म्हणून हे काम पाहिले की रंगापेक्षा पाणी आधी डोळ्यांत भरते. बोअरचे पाणी बहुतेक जड; त्यात लोह असेल तर पळसाचा पिवळा मळकट होतो, म्हणून उजळ रंगांसाठी पावसाचे पाणी साठवलेले बरे. पातेल्याला उकळी फुटू द्यायची नाही. खळखळत्या पाण्यात रेशमाची चमक जाते. जळण, वाळवण, पाऊस, सण, घरात पाहुणे, सगळ्यांतून वेळ काढायचा. एका खेपेला दोन-चार किलोच्या वर सूत चुलीवर निघत नाही, आणि पुढच्या खेपेचा पिवळा मागच्या पिवळ्याला कधीच तंतोतंत जुळत नाही. गिरणीच्या दृष्टीने हा दोष. घरच्या धंद्यासाठी हीच ओळख, मात्र ती गिऱ्हाइकाला आधी सांगितलेली हवी. घरबसल्या सुताला बाजार मिळवून देण्याची धडपड या भागाला नवी नाही. चंद्रपूर जिल्ह्यातले सावली हे खादीचे जुने केंद्र. 1936 साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन तिथे भरले, तेव्हा गांधीजी तिथे होते. वर्ध्याचे मगन संग्रहालय 1938 मध्ये सुरू झाले आणि वनस्पतिजन्य रंगांची खादी तिथे आजही होते. टसरच्या रंगारणीला ही वाट आधीच मळलेली आहे.

कौतुकाच्या भरात एक उणीव लपवू नये. पळसाचा पिवळा उन्हाला टिकत नाही. हिरड्याची बैठक दिली तर तो जरा धीर धरतो, तरी खिडकीच्या पडद्याला तो देऊ नये. लाख आणि हिरडा-लोखंड त्या मानाने पक्के. विकणारीने हे स्वच्छ सांगितले तर गिऱ्हाईक तुटत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात कळले तर मात्र तुटते.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. रंगवलेल्या प्रत्येक लडीला त्याच सुताचा वीतभर न रंगवलेला तुकडा बांधून द्यावा आणि चिठ्ठीवर कोश, रंगद्रव्य, तुरटी की लोखंड, आणि खेप कोणती ते लिहावे. घेणाऱ्याने दोन्ही तुकडे शेजारी धरून पाहावेत, हवे तेवढे सूत एकाच खेपेतले घ्यावे आणि दोन रंगांची म्हणून किंमत द्यावी: एक ऐनाच्या पानावर अळीने केला त्याची, आणि एक तो न झाकता ज्या हाताने चढवला त्याची. अशी किंमत मोजणारी गिऱ्हाइके वाढली, तर सांदवाडीतल्या त्या चुलीवर पुढची खेपही चढेल.