‘त्या विमानात मी बसलो होतो’: आठवण वाचायची कशी?

पवईत राहून संशोधन करायचं तर डोक्यावरून जाणाऱ्या विमानांच्या आवाजाची सवय करून घ्यावी लागते. मला ती झाली आणि वर त्याच विषयाचा नादही लागला. पेटची तयारी करणाऱ्या काही जणांनी विचारलं होतं, ‘मुलाखतीत माणूस जे सांगतो ते खरं किती धरायचं?’ आज त्याचं उत्तर एका छोट्या लेखनप्रकाराच्या निमित्ताने देते: जुन्या, आता दुर्मीळ झालेल्या विमानांतून प्रवास केलेल्या हौशी मंडळींच्या आठवणी.

हा प्रकार तुम्ही वाचला असेल. निवृत्त माणूस, लहानपणापासून विमानांचं वेड. लेखाची सुरुवात बहुतेक वेळा यादीने होते: डाकोटात बसलो, व्हायकाउंटमध्ये बसलो, पुष्पकमधून चक्कर मारली. मग इंजिनांची नावं, अश्वशक्ती, वर्ष. लेख वाचून संपतो आणि लक्षात येतं, विमान कळलं, पण आत बसलेला माणूस कुठे दिसलाच नाही. तिकिटाचे पैसे कोणी दिले? शेजारी कोण होतं? एवढ्या घाईने का जायचं होतं? गंमत अशी की ज्यावर लेखकाचा सगळा भर असतो, ती नावं आणि वर्षंच या लेखनात सगळ्यात कच्ची असतात.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला इंधन भरलं आणि दुपारी जुहूला उतरले. विमान होतं ‘पस मॉथ’. पुढे १९६२ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी हेच उड्डाण परत करून दाखवलं. त्याबद्दल ‘त्याच विमानातून’ असं सांगितलेलं तुमच्या कानावर आलं असेल. पण ते विमान होतं ‘लेपर्ड मॉथ’. दोन्ही डी हॅविलंड कंपनीची, दोन्हींचा पंख वर, दोन्हींची केबिन बंद, दिसायला बहिणी-बहिणी. तरी पस मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि लेपर्ड मॉथचा प्लायवूडचा. आणि लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडालं १९३३ मध्ये. म्हणजे १९३२ च्या त्या सकाळी हे विमान जगात कुठेच नव्हतं!

इथे थांबून ‘लोक चुकीचं सांगतात’ असा शेरा मारणं सोपं आहे. पण संशोधकाने पुढचा प्रश्न विचारायचा असतो: चूक नेमकी याच दिशेने का होते? तोच माणूस, तोच मार्ग, तीच तारीख. मग विमानही तेच असावं असं मनाला वाटतं. गोष्ट अखंड राहते. ही चूक आपल्याला १९३२ बद्दल काहीच सांगत नाही, पण १९८२ मध्ये लोकांना काय हवं होतं ते सांगते.

आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाने हीच गोष्ट फार गंभीर प्रसंगात दाखवली. तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनांत पोलिसांकडून मारला गेला. पण गावातल्या अनेकांना तो मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यातला म्हणून आठवत होता. पोर्तेल्लीने ती चूक खोडून टाकली नाही. कपातीचा घाव गावाला किती खोल लागला होता, याचा पुरावा म्हणून त्याने ती वाचली.

आता माझी फजिती सांगते. मुलुंडला राहणाऱ्या एका काकांची मी मुलाखत घेतली होती. लहानपणी ते आईवडिलांबरोबर मुंबईहून नागपूरला रात्रीच्या टपाल विमानाने गेले होते. ही सेवा १९४९ मध्ये सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं परतायची. टपालाबरोबर प्रवासीही असायचे. सुरुवातीला डाकोटा विमानं होती, पुढे या मार्गावर स्कायमास्टरही आली.

काका ठामपणे म्हणाले, ‘स्कायमास्टर होतं.’ मग सांगू लागले: मागच्या दाराने आत शिरलो, पुढची जागा मिळाली होती, तिथवर चढ चढून जावं लागलं, आई सीटच्या पाठी धरत धरत वर गेली. कानात दडे बसले.

या चार वाक्यांकडे नीट बघा. कानात दडे बसणं दोन्ही विमानांत होणारच, कारण दोन्हींच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. म्हणजे या तपशिलाने आपला प्रश्न सुटत नाही. पण चढ? डाकोटाचं तिसरं चाक शेपटीखाली असतं, त्यामुळे जमिनीवर ते नाक वर करून उभं राहतं आणि आत खरोखर चढ लागतो. स्कायमास्टरला पुढे नाकाखाली चाक. त्याची जमीन सपाट. म्हणजे काकांचे पाय डाकोटात चढले होते आणि तोंड स्कायमास्टर म्हणत होतं. नाव नंतर कुठूनही येऊन चिकटू शकतं, वाचनातून, मित्रांच्या गप्पांतून. आई सीटला धरून वर गेली, हे कुठल्या पुस्तकातून येणार?

हे मला तिथल्या तिथे सुचलं आणि मी नको ते केलं. मध्येच म्हणाले, ‘काका, स्कायमास्टर नसणार ते, डाकोटा असणार.’ वर शेपटीच्या चाकाचं स्पष्टीकरणही दिलं. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘असेल. तुम्ही शिकलेल्या आहात.’ त्यानंतर ‘हो’, ‘नाही’ आणि चहा.

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. मी तोंड उघडण्याआधीचं त्यांचं अर्धं वाक्य असं होतं: ‘आई चढताना रडत होती, कारण नागपूरला...’ त्या वेळी मी चाकाचा विचार करत होते, ते वाक्य माझ्या कानावरून गेलं. पुन्हा जायचं ठरवत राहिले. गेल्या दिवाळीत काका गेले. माझ्या प्रबंधात विमानाचा प्रकार अचूक नोंदवला आहे. ते कुटुंब त्या रात्री नागपूरला का निघालं होतं, ते मात्र नाही.

म्हणून हौशी लेखकांवर मी वर जी टीका केली, ती आधी मलाच लागू आहे. ते विमानाच्या नावात अडकतात, मीही त्यातच अडकले. त्यांचं निदान प्रेमापोटी होतं, माझं अभ्यासाच्या ऐटीत.

तुम्ही मुलाखतींवर काम करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. नाव, तारीख, क्रमांक हे कागदावर तपासता येतं. लॉगबुक, वेळापत्रक, जुनी वर्तमानपत्रं कुठे पळून जात नाहीत. ते काम घरी येऊन करा. अंगाला आठवणारं, म्हणजे चढ, वास, थंडी, कोणाचा हात धरला होता ते, फक्त समोरच्या माणसाकडे असतं. ते आधी घ्या. मिळालेल्या प्रत्येक तपशिलाला विचारा: हा दोन शक्यतांमध्ये फरक करतो, की दोन्हीकडे चालतो? आणि चूक सापडली की लगेच दुरुस्त करू नका. ‘मग पुढे काय झालं?’ एवढंच विचारा.

सरावासाठी घरातल्याच एखाद्या आजोबा-आजींना त्यांचा पहिला विमानप्रवास विचारा. विमान नसेल तर बोट, टांगा, काहीही चालेल. अर्धा तास एकदाही मध्ये बोलायचं नाही. वाटतं तितकं ते सोपं नाही. करून बघा आणि काय हाती लागलं ते कळवा.