सफरचंद कुठल्या पानावर?

मार्च २०२२. युक्रेनमध्ये मेडिकल शिकणारी आपली मुलं ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानांनी परतत होती. शेवटचं विमान उतरलं आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर युक्रेन संपलं. माझ्यासाठीही. ओस्ताप स्लिविन्स्की यांचा ‘युद्धाचा शब्दकोश’ इंग्रजीतून वाचला तेव्हा हे पहिल्यांदा टोचलं.

स्लिविन्स्की ल्विव्हचे कवी. पोलंडची सीमा तिथून जेमतेम ७० किलोमीटर, त्यामुळे २४ फेब्रुवारीच्या हल्ल्यानंतर विस्थापितांचे लोंढे याच शहरात आले. त्यांना मदत करताना जे कानावर पडलं, ते स्लिविन्स्कींनी टिपून ठेवलं. वर एक शब्द, सोबत बोलणाऱ्याचं नाव आणि गाव, खाली काही ओळी. पत्ता हरवलेली पत्रंच म्हणा.

गंमत म्हणजे शब्द साधे, घरातले आहेत. बाथटब घ्या. खिडकीपासून लांब म्हणून लोक त्यात झोपायला लागले. वस्तू तीच, अर्थ वेगळा. कोडमध्ये व्हेरिएबलचं नाव तेच राहून आतली व्हॅल्यू बदलली, तर चूक लवकर सापडत नाही. इथे भाषेचं तसं झालंय, आणि ते बोलणाऱ्यालाच आधी कळतंय.

एक तक्रार आहे. सगळे फार नेमकं बोलतात. दोन रात्री न झोपलेला माणूस अडखळतो, तेच तेच सांगतो, शिव्या देतो. इथे कवीची कात्री जाणवते. थोडा कचरा राहू द्यायला हवा होता.

पण शब्दकोशाचा साचा मात्र अचूक आहे. एका नोंदीत सफरचंदं आहेत: आसरा मिळालेल्या छोट्याशा घरात जमिनीवर पसरलेली. युक्रेनियनमध्ये सफरचंद म्हणजे ‘याब्लुको’, आणि ‘या’ हे त्यांच्या वर्णमालेतलं शेवटचं अक्षर. इंग्रजीत ‘ॲपल’ सुरुवातीलाच. मराठीत केलं तर पुन्हा शेवटाकडे. भाषा बदलली की क्रम बदलतो, तरी पुस्तकाचं काही बिघडत नाही. कारण इथे गोष्ट पुढे सरकत नाही, क्लायमॅक्स नाही. बोलणाऱ्यांना शेवट माहीतच नव्हता.

आम्ही ग्रुपवर तो परस्पर ठरवून टाकला होता, आपली मुलं घरी पोचली त्या दिवशी. हे पुस्तक कुठूनही उघडा, तो शेवट त्यात सापडत नाही.