‘स्मृतिचित्रे’तील सेवाधर्म

मराठी आत्मचरित्रांमध्ये लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे स्थान वादातीत आहे. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथातील निर्मळ विनोदाचे आणि बोलीच्या गोडव्याचे कौतुक रसिकांनी मनापासून केले. तथापि बहुतेकांनी तो रेव्हरंड नारायण वामन टिळक या थोर कवीचे पत्नीने रेखाटलेले चित्र म्हणूनच वाचला. ख्रिस्तसभेत सेवा कोणी करावयाची आणि कोणत्या कार्याला सेवा म्हणावयाचे, या प्रश्नावर हा ग्रंथ काही सांगतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट परंपरेतले. तरीही हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक कुटुंबाचा असल्यामुळे त्या अंगाने ग्रंथाचा विचार येथे करीत आहे.

टिळकांच्या सेवेची रूपे सर्वांना दिसणारी आहेत. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते उपदेशक झाले, धर्मशिक्षण देऊ लागले, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक झाले. त्यांची भक्तिगीते मराठी उपासनेत आजही गायली जातात. अखेरीस १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ही सर्व कार्ये चरित्रकाराला सहज टिपता येतात. परंतु हातचे सर्वस्व देऊन मोकळ्या होणाऱ्या या पुरुषाच्या घरी चूल कशी पेटत होती, हे लक्ष्मीबाईंवाचून कोण सांगणार? आल्यागेल्याचे जेवण, पोरक्या मुलांचे संगोपन, नगरच्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा यांतली कितीतरी कामे त्यांच्या वाट्याला आली. विशेष हे की, त्या यांपैकी कशालाही मोठे नाव देत नाहीत. पतीचा विक्षिप्तपणा आणि स्वतःची फजिती त्या एकाच हसऱ्या स्वरात सांगतात. त्यामुळे वाचक हसतो आणि हसता हसता त्या श्रमांचे मोल विसरतो. ग्रंथाचे सर्वांत मोठे सामर्थ्य असलेला विनोदच येथे त्याच्या आशयावर पडदा टाकतो.

म्हणून लक्ष्मीबाईंना ‘टिळकांची सावली’ म्हणणे मला मान्य नाही. टिळकांच्या धर्मांतरानंतर त्या तत्काळ त्यांच्या मागे गेल्या नाहीत. काही वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने दुःखात राहिल्या; पतीकडे आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. पुढे जातिभेद देवाने निर्मिला की माणसाने, याचा स्वतःच्या बुद्धीने विचार करून त्यांनी तो टाकला आणि मगच, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. पतीचे पाचारण त्यांनी उसने घेतले नाही. देवाची हाक त्यांना स्वतंत्रपणे, त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर ऐकू आली. ग्रंथातील हा भाग धर्मचिंतनाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीराचा दृष्टांत दिला आहे. अवयव अनेक, शरीर एक. दुर्बळ भासणारा अवयवही अत्यावश्यक. हा दृष्टांत आपण वारंवार ऐकतो. पण त्याचा एक सोयीस्कर अर्थ लावण्याची खोड आपल्याला जडली आहे. पाय हा पाय आहे, त्याने पायाच्या जागीच राहावे, असा तो अर्थ. मग सणाच्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे वेदीवरून आभार मानले जातात आणि निर्णयाच्या बैठकीत त्यांची खुर्ची रिकामी राहते. गुप्त सेवेची स्तुती कधी कधी माणसाला गुप्तच ठेवण्याची युक्ती ठरते. पौलाचा रोख याच्या नेमका उलट आहे. कृपादाने आत्मा आपल्या इच्छेनुसार वाटतो. ती कोणाच्या पदरी पडावीत हे आपण ठरवावयाचे नाही.

‘स्मृतिचित्रे’ची लेखिका हे सत्य आपल्या आयुष्याने सिद्ध करते. शालेय शिक्षण न लाभलेल्या या स्त्रीने घरीच अक्षरे गिरवली. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९ साली त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. त्याचे बहुतांश अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. भाकरी थापणाऱ्या हाताने महाकाव्य लिहिले, आणि त्यासाठी भाकरी थापणे हलके मानले नाही. एकाच जीवनात सेवेची रूपे बदलत गेली. सेवा मात्र तीच राहिली.

ग्रंथात उणिवा आहेत. कालक्रम सैल आहे. माणसे येतात आणि पुढे त्यांचे काय झाले हे कळत नाही. टिळकांच्या निधनानंतरच्या भागाला पूर्वीचा बांधीवपणा नाही, असा आक्षेप घेता येईल. मला मात्र तेथेच लक्ष्मीबाई पूर्ण उंचीने उभ्या राहिलेल्या दिसतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेश काढला. २०२१ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी वाचक व वेदीसेवक ही अधिकृत सेवापदे स्त्रियांनाही खुली केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात धर्मशिक्षकाचे सेवापद संस्थापित केले. ख्रिस्तसभेने दार उघडले आहे. आमच्या धर्मग्रामांत अजूनही ‘पाचारण’ म्हटले की फादर आणि सिस्टर एवढेच डोळ्यांपुढे येते. बाकीची मंडळी आपण केवळ बाकांवर बसण्यासाठी आहोत असे समजतात. या समजुतीवर प्रवचनापेक्षा ‘स्मृतिचित्रे’चा उतारा अधिक गुणकारी ठरेल. संध्याकाळच्या रोजरीनंतर एकेक प्रकरण घरात मोठ्याने वाचावे, आणि ते शक्यतो त्या घरातील आईने वाचावे.