मे महिन्यात पाणी कोण घालणार?

आज संयोजकांनी विषय दिलाय, 'महाविद्यालयीन परिसरातले विद्यार्थिप्रणीत शाश्वत प्रकल्प'. यातल्या दोन शब्दांशी माझं भांडण आहे.

पहिला शब्द 'शाश्वत'. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल आला. त्यातल्या 'सस्टेनेबल'चं आपण मराठीत 'शाश्वत' केलं. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हे खटकतं. आपल्या परंपरेत शाश्वत म्हणजे जे बदलत नाही, नष्ट होत नाही ते. बुद्धाने तर शाश्वतवाद आणि उच्छेदवाद ही दोन्ही टोकं नाकारली. अहवालाचं म्हणणं साधं होतं: आजच्या गरजा भागवा, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील एवढं शिल्लक ठेवा. त्याला 'टिकाऊ' हा शब्द पुरला असता. टिकाऊ म्हटलं की लगेच विचारावं लागतं, टिकवणार कोण? 'शाश्वत' म्हटलं की ते विचारायचं राहूनच जातं.

आता संगमनेरात बघा. आपला तालुका पर्जन्यछायेतला. कॉलेजात झाडं लागतात पावसाळ्यात, फोटोही तेव्हाच निघतात. एप्रिल-मेमध्ये परीक्षा, मग सुट्टी, वसतिगृह रिकामं. म्हणजे रोपाला पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा लावणारा गावी गेलेला असतो. तिसऱ्या वर्षी तर तो पदवी घेऊनच जातो. बादली उचलतात ते शिपाईमामा, आणि अहवालात प्रकल्प 'विद्यार्थिप्रणीत'!

हा माझा दुसरा शब्द. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. कल्पना उत्तम होती, आजही आहे. पण वर्षाला १२० तास भरायचे, सात दिवसांचं शिबिर करायचं, असा हिशेब आला की तास मोजले जातात, झाड मोजलं जात नाही. नॅकच्या सातव्या निकषात पर्यावरणाच्या उपक्रमांची विचारणा असते. त्यामुळे कागद नीट लागतात. पोरांना दोष देऊ नका. बोअर कुठे घ्यायची, नवी इमारत कशी बांधायची, बागेत हिरवळ हवी की देशी झाडं, यातलं काय आपण त्यांना विचारतो? घोषवाक्य तेवढं विचारतो. ज्याला ठरवायचा अधिकार नाही त्याच्यावर जबाबदारी टाकणं, हे नीतिशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात बसत नाही.

ठरवणं म्हणजे काय, ते बघायला लांब जायला नको. आपल्याच तालुक्यात दरेवाडी आहे. १९९६ ते २००१ या काळात तिथे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टच्या मदतीने पाणलोटाचं काम झालं. त्यात चराईबंदी होती. चराईबंदी म्हणजे ज्याच्याकडे मेंढरं आहेत त्याच्या पोटावर येणारी गोष्ट. मेंढपाळांचा विरोध झाला, ते साहजिकच होतं. त्यातून वाट काढावी लागली. श्रमदान लोकांनीच केलं आणि नियम मोडला तर तोटाही त्यांचाच होता. कॉलेजच्या प्रकल्पात कुणाचा काय तोटा होतो, सांगा बरं!

विद्यार्थी हे करू शकत नाहीत असं मात्र म्हणू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथली मुलं स्वयंपाक करायची, शेतात राबायची. आपलं जेवण आपल्याच कामावर अवलंबून आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्याला पर्यावरणपूरक वगैरे कुणी म्हणत नव्हतं. (आज असतं तर एखादा पुरस्कार नक्की मिळाला असता.) आणि जात कुठलीही असो, पंगत एक. तेही त्या कामाचाच भाग होतं, हे विसरू नका.

त्याच कर्मवीरांच्या नावाने आपल्या विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना चालते. माझी सूचना एवढीच आहे. मे महिन्याचं पाणी त्या योजनेत घाला आणि त्याचे पैसे द्या. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना झाडं मोजून ताब्यात द्यावीत, मेलेली झाडंही वहीत लिहावीत. वीज आणि पाण्याची बिलं दर महिन्याला सूचनाफलकावर लावा. बिल कमी झालं तर वाचलेले पैसे कशावर खर्चायचे, ते मुलांना ठरवू द्या. ते चुकीचं ठरवतील, तरीही.

प्राचार्य मंडळी म्हणतील, सुट्टीत देखरेख कोण करणार? प्रश्न रास्त आहे. आज सभागृहात दोन-तीन प्राचार्य बसलेले दिसतायत, तेव्हा माइक आधी त्यांच्याकडे द्या.