रौप्यपात्रांवरील ठसे आणि कर्तृत्वनिश्चितीचा प्रश्न

जुन्या इंग्रजी रौप्यपात्राच्या तळाशी किंवा काठाजवळ ओळीने उमटविलेले चार-पाच बारीक ठसे हे उपयोजित कलांच्या अभ्यासातील सर्वांत नेटके साधन समजले जाते. चित्राच्या किंवा मूर्तीच्या बाबतीत ज्या प्रश्नांवर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतो ते प्रश्न, म्हणजे वस्तू कोठली, कोणत्या वर्षाची आणि कोणाच्या हातची हे, भिंग व कोष्टक हाती असले की येथे घटकाभरात सुटतात, असा समज आहे. पहिल्या दोन प्रश्नांपुरता तो पुष्कळसा खरा आहे. तिसऱ्याच्या बाबतीत तो खरा नाही. आणि रौप्यकलेच्या समीक्षेचा मोठा भाग नेमका या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे.

ठशांचा जन्म कलेच्या चिंतेतून झालेला नाही, हिणाच्या भीतीतून झाला आहे. चोख चांदी इतकी मऊ असते की भांड्यासाठी तीत तांब्याचे हीण घालावेच लागते. ते किती घातले आहे हे नुसत्या डोळ्यांस कळत नाही. म्हणून 1300 साली पहिल्या एडवर्डच्या कायद्याने हजारात 925 भाग चांदी हे प्रमाण इंग्लंडात बंधनकारक केले व तपासणीस उतरलेल्या वस्तूवर बिबळ्याच्या मुखाचा ठसा ठरविला. 1363 साली प्रत्येक उस्ताद सोनाराने स्वतःची निराळी खूण उमटवावी असा नियम आला. 1478 पासून लंडनच्या सोनारसंघाच्या वाड्यात, म्हणजे ‘हॉल’मध्ये, माल आणून तपासून घेण्याची पद्धत पडली, ‘हॉलमार्क’ या शब्दाचे मूळ तेथे आहे. त्याच वेळी वर्षाक्षराची भर पडली, आणि 1544 पासून चालत्या सिंहाची. यांपैकी वर्षाक्षराचा हेतू विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. वस्तूचे वय पुढील पिढ्यांस कळावे म्हणून ते योजलेले नव्हते. हीणकस माल उघडकीस आल्यास त्या वर्षी तपासणीची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर होती हे कळावे, एवढ्यासाठीच ते होते. कर्त्याच्या खुणेचे प्रयोजनही हेच. प्रत्येक ठसा एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: फसवणूक झाली तर कोणास धरावयाचे?

या व्यवहारी खुणांचे इतिहाससाधनात रूपांतर झाले ते एकोणिसाव्या शतकात. ऑक्टेव्हियस मॉर्गन याने 1850 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लंडनच्या वर्षाक्षरांचा क्रम लावून दाखविला. विल्यम चॅफर्स याचा ठशांवरील ग्रंथ 1863 मध्ये निघाला, आणि चार्ल्स जेम्स जॅक्सन याच्या 1905 च्या ग्रंथाने या शाखेला शास्त्राचे रूप दिले. जॅक्सनचे कार्य किती चिकाटीचे होते हे लंडनच्या एका आवर्तनावरूनही कळते. तेथे वर्णमालेतील वीसच अक्षरे घेत व ती संपली की पुन्हा पहिल्यापासून आरंभ होई. तेव्हा तेच अक्षर दर वीस वर्षांनी परत येणार. फरक राहणार तो अक्षराच्या वळणात आणि भोवतालच्या ढालीच्या आकारात. शिवाय लंडनबाहेरील नगरांची आवर्तने निराळी असल्यामुळे आधी नगराची खूण निश्चित केल्यावाचून अक्षर निरर्थक ठरते. 1773 साली तपासणीचा हक्क मिळालेल्या बर्मिंगहॅमचा नांगर आणि शेफील्डचा मुकुट या अशाच नगरखुणा होत. हे सर्व जॅक्सनने मूळ वस्तू पाहून जमविले आणि त्याच्या चौकटीवर आजही काम चालते. (एक बारीक गोष्ट मात्र सूचिकार अद्यापि विसरतात. 1660 नंतर लंडनचे अक्षर जानेवारीत न बदलता मे महिन्याच्या अखेरीस बदले. त्यामुळे एक अक्षर दोन सनांवर पसरते, आणि भांड्यापुढे एकच सन छापणे हे अचूकतेचे निव्वळ सोंग असते.)

जॅक्सननंतरचा मोठा ग्रंथ आर्थर ग्रिमवेड याचा. 1976 साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात 1697 ते 1837 या काळातील लंडनच्या सोनारांच्या नोंदवह्या वाचून ठशांसह त्यांची चरित्रे दिलेली आहेत. ग्रिमवेडचा काटेकोरपणा वाखाणण्यासारखा आहे. मोठी भांडी करणाऱ्यांची 1758 ते 1773 ही नोंदवही उपलब्ध नाही हे तो लपवीत नाही, आणि नोंदीचा आधार नसलेले ठसे तो वेगळे काढून ठेवतो. तथापि ग्रंथाची रचनाच अशी आहे की वाचकाच्या मनात एक ठसा म्हणजे एक मनुष्य आणि एक मनुष्य म्हणजे एक हात, असे समीकरण आपोआप रुजावे. अक्षरे शोधावीत, नाव मिळावे, नावाखाली चरित्र वाचावे आणि तेच चरित्र हातातील भांड्याला चिकटवावे! कोशाची सोय ही अशी नकळत समीक्षेचा सिद्धांत होऊन बसते.

हेस्टर बेटमन हिचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. पती जॉन 1760 साली वारल्यानंतर 1761 मध्ये या विधवेने स्वतःच्या आद्याक्षरांचा ठसा नोंदविला. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून वहीत सहीच्या जागी खूणच आहे. 1790 मध्ये ती निवृत्त झाली. मधल्या तीस वर्षांत तिच्या कारखान्यातून पातळ पत्र्याची, मण्यांच्या नाजूक काठाची चहापात्रे, चमचे, मीठदाण्या मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. विसाव्या शतकातील संग्राहकांना या ठशाने मोह घातला, आणि हातोडी घेऊन ऐरणीपुढे बसलेल्या एका प्रतिभावंत स्त्रीचे चित्र रंगविले गेले. या भांड्यांत तिचा ‘स्त्रीसुलभ’ स्पर्श शोधणारी वर्णनेही झाली. वस्तुस्थिती अशी की कारखान्यात तिचे मुलगे होते, सून होती, उमेदवार आणि रोजंदारीचे कारागीर होते. आरंभीच्या काळात तिचा माल दुसरे व्यापारी घेत व तिच्या ठशावर आपला ठसा मारून विकत. म्हणजे एकीकडे तिच्या ठशाखाली इतरांचे हात दडले आहेत, तर दुसरीकडे इतरांच्या ठशांखाली तिचा कारखाना दडला आहे. फिलिपा ग्लॅनव्हिल आणि जेनिफर गोल्ड्सबरो यांनी 1990 मध्ये स्त्री-रौप्यकारांवरील ग्रंथात या व्यवसायातील स्त्रियांचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला, तेव्हापासून विचाराची दिशा बदलली. या दृष्टीने पाहता हेस्टरचे मोठेपण कमी होत नाही, त्याचे स्थान बदलते: कारखाना उभारून तीस वर्षे चालविणे, उत्पादनाची नवी रीत स्वीकारणे, बाजार ओळखणे हे तिचे कर्तृत्व. ते ठशावरून सिद्ध होते. हातोडीवरचा तिचा हात सिद्ध होत नाही.

पॉल द लामेरी याच्या बाबतीत पुरावा याहून बोलका आहे. फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनो कुटुंबातील या कारागिराने 1713 मध्ये लंडनला ठसा नोंदविला आणि पुढे तो शतकातील श्रेष्ठ रौप्यकार गणला गेला. परंतु नोंदणीनंतर काही वर्षांतच सोनारसंघापुढे त्याच्याविरुद्ध तक्रार आली ती अशी की, इतरांनी केलेला माल तो आपल्या ठशाखाली तपासून घेतो. हे ‘इतर’ म्हणजे ज्यांस संघाचे सभासदत्व नसल्यामुळे स्वतःच्या नावाने माल हॉलमध्ये नेता येत नसे असे लोक, आणि त्यांत त्याच्यासारखेच निर्वासित पुष्कळ असत. कायद्याच्या दृष्टीने ही लबाडी होती. नावहीन कारागिरांच्या दृष्टीने ती पोटापाण्याची एकमेव वाट होती. पुढे 1736 नंतरच्या दशकात लामेरीच्या ठशाखाली काही अपूर्व उठावकामाची पात्रे निघाली. त्यांतील मूर्तिकामाचे वळण इतके स्वतंत्र आहे की अभ्यासकांनी ते घडविणारा कोणी निराळाच कलावंत कल्पिला व लॉर्ड मेनार्डसाठी केलेल्या तबकावरून त्यास ‘मेनार्ड मास्टर’ असे नाव दिले. त्याचे खरे नाव कोणत्याही ठशात नाही. लामेरीची कीर्ती ज्या कामांवर मुख्यतः उभी आहे, त्यांतील मूर्तिकल्पना अशा रीतीने एका अनामिकाची ठरते, आणि हा अनामिक सापडला तो कोष्टकामुळे नव्हे. शैली पाहणाऱ्या डोळ्यांमुळे सापडला.

ठसा खरा असूनही वस्तू खोटी असू शकते, हाही मुद्दा येथे येतो. 1720 साली चांदीच्या भांड्यांवर औंसास सहा पेन्स कर बसला. तो चुकविण्यासाठी एखादी लहान वस्तू रीतसर तपासून घ्यावयाची, तिचा ठसे असलेला तुकडा कापावयाचा आणि डाख देऊन मोठ्या, न तपासलेल्या पात्राच्या तळाशी बसवावयाचा, ही युक्ती चांगल्या चांगल्या कारखान्यांत चाले. 1758 मध्ये या कराऐवजी परवान्याची पद्धत आली. ठसे बनावट करण्यास त्या सुमारास देहदंडाची शिक्षा होती, यावरून राज्यकर्त्यांना ही बाब किती झोंबत होती हे कळेल. अशा पात्रावरील तळाची वर्तुळाकार रेषा श्वासाच्या वाफेखाली दिसते. ठशांची मांडणी पात्राच्या आकाराशी विसंगत असते. चमच्यांचे ठसे सुमारे 1780 पर्यंत दांड्याच्या खालच्या भागी, पळीजवळ मारीत व त्यानंतर वरच्या टोकाकडे. तेव्हा ठशाची जागा हीसुद्धा तारखेची साक्ष आहे. सहा चमच्यांवर ठसा अगदी एकाच जागी, एकाच खोडीसह उमटलेला दिसल्यास ते साच्यात ओतलेले समजावेत. ठशाचे वाचन म्हणजे अक्षरांचे वाचन नव्हे. धातू, जागा, झीज आणि डाख यांच्यासह केलेले वाचन, हे यावरून स्पष्ट व्हावे.

भारतातील इंग्रजी अमदानीच्या चांदीकडे वळले की ही सर्व गृहीते एकदम कोसळतात. येथे तपासणीचा हॉल नव्हता, सक्तीचा ठसाही नव्हता. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि कंपनी किंवा मद्रासची पी. ऑर अँड सन्स अशा पेढ्या इंग्रजी धर्तीचे ठसे मारीत. हॅमिल्टनच्या भांड्यांवर आद्याक्षरांच्या जोडीला हत्तीही दिसतो. रूप हॉलमार्कचे, परंतु पाठीशी कायदा नाही. असा ठसा शुद्धतेची हमी देत नाही, दुकानाच्या प्रतिष्ठेची जाहिरात करतो. विन्यार्ड विल्किन्सन याच्या 1973 च्या ग्रंथाने या युरोपीय पेढ्यांची व ठशांची पहिली व्यवस्थित यादी दिली, आणि तिच्यावाचून या क्षेत्रात पाऊलही टाकता येत नाही. परंतु पद्धत जॅक्सनची असल्यामुळे दोषही जॅक्सनच्या परंपरेतला आला. पेढीचा मालक ‘रौप्यकार’ म्हणून यादीत चढला. प्रत्यक्ष पत्रा ठोकणारा देशी कारागीर यादीबाहेर राहिला. विद्या देहेजिया यांच्या 2008 च्या ग्रंथात कच्छ, मद्रास, लखनौ, काश्मीर अशा प्रांतांच्या अलंकरणशैलींना महत्त्व मिळाले, हा खरा पुढचा टप्पा होय.

तरीही नावाचा मोह सुटत नाही. भुजचा उमरशी मावजी आपल्या कामावर ‘ओ. एम.’ ही इंग्रजी आद्याक्षरे, आणि पुष्कळदा गावाचे नावही, उमटवी. गिऱ्हाईक दूरदेशीचे असल्यामुळे ते स्वाभाविकच होते. परिणाम असा झाला की दाट वेलबुट्टीचे कोणतेही उत्तम बिनठशाचे कच्छी पात्र दिसले की लिलावाच्या यादीत त्याच्यापुढे मावजीचे नाव, फार तर एका ‘बहुधा’सह, लागते. पुण्याचे देवदेवतांच्या खोल उठावकामाचे रौप्यकाम घ्या. त्यातही हीरप्पा बूचेना यांच्यासारख्या एखाद्याच नावाभोवती सगळी चर्चा फिरते. ठसा असणे हा निर्यातीच्या व्यापाराचा परिणाम होता, श्रेष्ठतेचा निकष नव्हे, हे येथे विसरले जाते. ज्या सोनाराचे गिऱ्हाईक पलीकडच्या आळीत राहत होते, त्याला आपले नाव धातूवर ठोकण्याचे कारणच नव्हते.

हॉलमार्कच्या मूळ हेतूशी नाते सांगणारी देशी खूण शोधावयाची तर ती भांड्यांपेक्षा नाण्यांवर अधिक ठळकपणे सापडते. जुन्या रुपयांवर सराफांनी मारलेले बारीक ठसे नाणे पारखून पाहिल्याची साक्ष देतात, आणि ते ठसे म्हणजे नाणे पाडणाऱ्याची सही असे कोणीही मानीत नाही. नाणकशास्त्राला जे सहज कळले ते रौप्यकलेच्या समीक्षेला कळण्यास शतक लागावे, हे नवल आहे. इंग्लंडच्या 1973 च्या कायद्याने मात्र भाषा सुधारली: त्यात ‘कर्त्याचा ठसा’ न म्हणता, माल तपासणीस आणून त्याची जबाबदारी घेणाऱ्याचा ठसा या अर्थाची संज्ञा वापरलेली आहे. भारतात 2021 मध्ये सोन्याच्या दागिन्यांवर सहा वर्णांचा ओळख-क्रमांक आला, तेव्हा पूर्वीचा सराफाचा ठसा दागिन्यावरून गेला व जबाबदाराचे नाव नोंदीत राहिले.

संग्रहालयांच्या सूचींत हा भेद भाषेने पाळता येतो. ‘हेस्टर बेटमन हिने घडविलेले’ याऐवजी ‘हेस्टर बेटमन हिच्या ठशाचे, लंडन, 1783–84’ असे लिहिण्यास एकही शब्द जास्त अभ्यास लागत नाही. बिनठशाच्या कच्छी किंवा पुणेरी पात्रांपुढे नाव न घालता उठावकामाच्या पार्श्वभूमीवरील ठिपक्यांची ठेवण, पत्र्याची जाडी आणि मागील बाजूस राहिलेल्या हत्यारांच्या खुणा यांची नोंद करावी. ठसा असलेल्या पात्रांवरील त्याच खुणांशी ती ताडून पाहिली, तर एका कारखान्यात किती हात काम करीत होते हे सांगण्याची निदान शक्यता निर्माण होईल.