वल्ह्याला बांधलेली दोरी

‘ट्रोलिंग’ म्हटलं की आपल्याला कॉमेंट बॉक्स आठवतो. कुणीतरी आमिष टाकतं, कुणीतरी चिडून ते गिळतं आणि मग तासभर खेचाखेच चालते. या शब्दाला मासेमारीतलाही एक अर्थ आहे. चालत्या होडीमागून दोरी ओढत न्यायची, दोरीच्या टोकाला गळ आणि गळाला आमिष. कोकणात गळाने मासे पकडण्याला ‘गरवणं’ म्हणतात, पण गरवणारा बहुतेक वेळा एका जागी बसून वाट बघतो. ट्रोलिंगमध्ये आमिष पळतं आणि मासा त्याच्या मागे लागतो.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटाच्या आसपास, खाऱ्या पाण्यातला सॅल्मन असा पकडण्याची फार जुनी रीत आहे. तिच्याबद्दलची तीन पुस्तकं मी एकापाठोपाठ वाचली. एक कैद्याचं, एक शौकीन गळवाल्याचं आणि एक चित्रं काढणाऱ्या अभ्यासक बाईचं. तिघांचा विषय जवळजवळ एकच, पण तिघांना दिसलेला समुद्र वेगळा आहे. एखाद्याच्या हातातलं कौशल्य कागदावर उतरवताना लेखक काय बघतो आणि त्याच्या चौकटीतून काय निसटतं, हा प्रश्न या वाचनातून माझ्यापुढे आला. तो फक्त माशांपुरता नाही.

आधी एक खुलासा. मेन्यू कार्डावर आणि मासे घरपोच देणाऱ्या ॲपवर आपल्या रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात. रावस चवीला उत्तम, पण त्याचा सॅल्मनशी काही नातेसंबंध नाही. सॅल्मन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परततो. नदीत शिरला की त्याचं खाणं जवळपास थांबतं. समुद्रात मात्र तो भुकेला शिकारी असतो. हेरिंगसारख्या लहान माशांच्या थव्यांमागे लागणारा. म्हणूनच खऱ्या आमिषाची खरी जागा खाऱ्या पाण्यात.

पहिलं पुस्तक जॉन जुइटचं. हा इंग्लंडमधला विशीतला लोहार ‘बॉस्टन’ नावाच्या व्यापारी जहाजावर हत्यारं दुरुस्त करायच्या कामावर होता. मार्च १८०३मध्ये जहाज नूटका साउंडला लागलं. तिथला प्रमुख मक्विना आणि जहाजाचा कप्तान यांच्यात एका मोडक्या बंदुकीवरून वाजलं, कप्तानाने मक्विनाचा अपमान केला आणि काही दिवसांत त्याचा सूड उगवला गेला. जहाजावरचे दोघेच वाचले, जुइट आणि शिडं शिवणारा थॉम्पसन. लोहार उपयोगाचा म्हणून जुइटला जिवंत ठेवलं. १८०५मध्ये सुटका होईपर्यंत तो मक्विनाचा गुलाम होता. या काळात त्याने रोजनिशी लिहिली. बेरीचा रस आणि कोळशाची पूड उकळून शाई केली, कावळ्याच्या पिसाची लेखणी केली. ती रोजनिशी १८०७मध्ये छापली गेली आणि तिच्यावरून वाढवलेलं सविस्तर आत्मकथन १८१५मध्ये.

या आत्मकथनात सॅल्मनच्या मासेमारीवर मोजक्या ओळी आहेत. मला त्या पुस्तकातल्या सगळ्यात चांगल्या ओळी वाटतात. लहान होडीत एकच माणूस. गळाला लावलेला छोटा मासा, तोही होईल तितका ताजा. आणि दोरी? ती हातात नाही, काठीलाही नाही. ती वल्ह्याच्या दांड्याला बांधलेली आहे. माणूस वल्हं मारतो तसा पाण्याखाली मेलेला मासा जिवंत असल्यासारखा हलतो. सॅल्मन झेपावतो, अडकतो, आणि वल्ह्याच्याच एका झटक्यात होडीत येतो. एका सकाळी एकट्या माणसाने आठ-दहा सॅल्मन धरलेले जुइटने पाहिले. एकाच वेळी वीस-तीस होड्या त्या खाडीत असं करताना पाहिल्या.

यातली युक्ती किती साधी आहे बघा. वल्हं एकसारखं चालत नाही. पाणी मागे लोटताना जोर लागतो, वल्हं उचलताना सैल पडतं. तोच चढउतार दोरीतून आमिषापर्यंत जातो. जखमी हेरिंग असाच पोहतो. थोडा पुढे सटकतो, थोडा बुडतो, पुन्हा धडपडतो. आजही तिथले मच्छीमार हेरिंगचं डोकं तिरकं कापतात, ते अशासाठी की ओढताना तो गोल गोल फिरत जावा. हेतू तोच. जुइटने पाहिलेल्या माणसाला मात्र त्यासाठी वेगळं काही करावं लागत नव्हतं. होडी चालवणं आणि आमिष नाचवणं ही एकच हालचाल होती.

हे जुइटला दिसलं, कारण तो लोहार होता, असं मला वाटतं. कोणतं काम कोणता अवयव करतो, जोर कुठून कुठे जातो, हे बघायची त्याच्या डोळ्याला सवय होती. त्याने स्वतः मक्विनासाठी लोखंडी गळ घडवले होते. त्याच्या पुस्तकात त्या लोकांबद्दल तुच्छतेची वाक्यं भरपूर आहेत. त्यांच्या खाण्यालाही तो सोडत नाही. पण हत्यार आणि हात यांच्याबद्दल लिहू लागला की ती तुच्छता गप्प होते. समोरचा आपल्याहून कुशल आहे हे कारागिराला कबूल करावंच लागतं. आकसाने भरलेल्या पुस्तकात खरेपणा कुठे शोधायचा, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, लेखक एखादी वस्तू कशी चालते ते सांगत असेल तिथे आधी बघा.

तरी दोन शंका उरतातच. पहिली भाषेची. १८०७ची रोजनिशी त्रोटक आहे. हवा कशी होती, खायला काय मिळालं, कोण आलं, कोण गेलं. १८१५च्या पुस्तकातली घाटदार वाक्यं रिचर्ड ऑल्सप या अमेरिकी लेखकाच्या मदतीने तयार झाली. म्हणजे डोळे लोहाराचे आणि वाक्य साहित्यिकाचं. वाचताना या दोघांना वेगळं करता येत नाही, पण दोघे आहेत हे विसरूनही चालत नाही.

दुसरी शंका जास्त टोचते. जुइटच दुसरीकडे सांगतो की मालकांना मासे पुरवणं हे गुलामांचं काम होतं. मग त्या वीस-तीस होड्यांमध्ये कोण बसलं होतं? स्वतःच्या घरासाठी मासे धरणारे, की दुसऱ्याच्या घरासाठी? मासेमारीच्या त्या सुंदर ओळींत याचा उल्लेख नाही. स्वतः गुलाम असलेल्या लेखकालाही तिथे तो करावासा वाटला नाही. कौशल्याचं चित्र रेखीव होतं तेव्हा कौशल्य राबवणाऱ्याचं आयुष्य हलकेच चौकटीबाहेर जातं. हा दोष एकट्या जुइटचा नाही. विणकरावरचा, कुंभारावरचा, कोळणीवरचा आपला कुठलाही कौतुकाने भरलेला व्हिडिओ याच दृष्टीने एकदा पाहा.

दुसरं पुस्तक ‘द वेस्टर्न अँग्लर’, १९३९चं. लेखक रॉडरिक हेग-ब्राउन. इंग्लंडमध्ये जन्मलेला, तरुणपणी लाकूडतोड आणि मासेमारीच्या वाटाड्याचं काम केलेला, पुढे त्याच बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कॅम्पबेल रिव्हरला स्थायिक होऊन दंडाधिकारी झालेला माणूस. सॅल्मनवर त्याच्याइतक्या मायेने लिहिणारे लेखक थोडे आहेत. त्याला गळाइतकंच माशाच्या आयुष्याबद्दल कुतूहल आहे, आणि नदी वाचली नाही तर मासा वाचणार नाही, ही जाणीव त्याच्या एकूण लेखनात मुरलेली आहे. तो वाचताना माझाही मासेमारीबद्दलचा शहरी तिटकारा बराच कमी झाला.

पण त्याच्या गावातली एक गोष्ट या पुस्तकाच्या शेजारी ठेवून बघायला हवी. कॅम्पबेल रिव्हरला १९२४मध्ये ‘टायी क्लब’ स्थापन झाला. नियम कडक. होडी वल्ह्याची हवी, मोटर बंद. आमिष खरं नको, कृत्रिमच. गळ एकच, तोही उलट्या काट्याशिवाय. दोरी ठरावीक ताकदीपर्यंतचीच. अशा रीतीने तीस पौंड, म्हणजे सुमारे साडेतेरा किलो किंवा त्याहून मोठा सॅल्मन धरला तरच सभासदत्व. ‘टायी’ हा शब्द किनाऱ्यावरच्या व्यापारी बोलीतला आणि मुळात नूटका लोकांच्या भाषेतून आलेला. अर्थ, प्रमुख. जुइटच्या पुस्तकात मक्विना ‘टायी’ आहे. शंभर-सव्वाशे वर्षांनी ‘टायी’ म्हणजे मोठा मासा, आणि तो धरणाऱ्याला मिळणारा मान.

मला या क्लबची चेष्टा करायची नाही. स्वतःहून हात बांधून घेऊन माशाला संधी देण्यात एक सभ्यता आहे. पण गळावरच्या शौकिनांच्या लेखनात, आणि हेग-ब्राउन त्यातला उत्तम लेखक असूनही, एक गोष्ट फारशी येत नाही. भूक. तिथे मासा हा प्रतिस्पर्धी असतो, कधी गुरू असतो. हिवाळ्यासाठी धुरी देऊन साठवायचं अन्न तो क्वचितच असतो. वल्ह्याची होडी ही जुइटच्या खाडीत रोजची गरज होती. क्लबात ती निवड झाली. वस्तू तीच, हालचालही जवळपास तीच, पण वाक्याचा कर्ता बदलला की अर्थ बदलतो.

तिसरं पुस्तक हिलरी स्ट्युअर्टचं, ‘इंडियन फिशिंग’, १९७७चं. हे मी सगळ्यात सावकाश वाचलं, कारण ते वाचण्याइतकंच बघायचं आहे. स्ट्युअर्टने स्वतः काढलेली पानोपानी रेखाटनं. लाकडी दांड्याला हाडाचा काटा कोणत्या कोनात बांधायचा. दगडाचं वजन दोरीला कसं अडकवायचं. समुद्री केल्पचे लांबच लांब देठ भिजवून, ताणून, पीळ देऊन दोर कसा करायचा. इथे तुच्छता नाही आणि ‘मी केवढा मासा धरला’ हेही नाही. पुढे १९८७मध्ये याच स्ट्युअर्टने जुइटच्या आत्मकथनाला टिपा आणि चित्रं जोडून नवी आवृत्ती काढली. लोहाराच्या घाईत राहून गेलेली गाठ तिने शांतपणे काढून दाखवली, असं मला ती दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवल्यावर वाटलं.

माझी तक्रार तिच्या उपशीर्षकातल्या एका शब्दाशी आहे. ‘सुरुवातीच्या काळातल्या पद्धती’. त्या शब्दाने गळ काचेच्या कपाटात जातो. चित्रात वस्तू स्पष्ट दिसते, पण ती ज्यांची होती त्यांचे नातू-पणतू आज कुठे आहेत, हे दिसत नाही.

ते कोर्टात होते. १८८८च्या नियमांनी ब्रिटिश कोलंबियातल्या मूळ रहिवाशांना खाण्यापुरते मासे धरायची मुभा ठेवली, विकायची नाही. जुइटच्या आधीपासून परक्या जहाजांना मासे विकणाऱ्या लोकांना कायद्याने सांगितलं की तुमची मासेमारी पोटापुरती. १९८७मध्ये फ्रेझर नदीकाठच्या स्टोलो समाजातल्या डोरोथी व्हॅन डर पीट यांनी दहा सॅल्मन पन्नास डॉलरला विकले, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९६मध्ये त्या हरल्या. न्यायालयाने कसोटी लावली ती अशी, की युरोपियन लोक येण्याआधी ही प्रथा त्या समाजाच्या संस्कृतीचा गाभा होती का, हे सिद्ध करा.

दहा सॅल्मन. जुइटच्या हिशेबाने एका माणसाची एक चांगली सकाळ.

त्या कसोटीमुळे जुन्या वर्णनांना भलतंच वजन आलं. परक्या खलाशाने, कैद्याने, व्यापाऱ्याने दोनशे वर्षांपूर्वी काय पाहिलं आणि काय लिहायचं सोडलं, यावर आजच्या माणसाने मासा विकावा की नाही हे अवलंबून राहू लागलं. २००९मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयाने किनाऱ्यावरच्या पाच नू-चा-नुल्थ समाजांचा मासे धरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. त्या पाचांत मोवाचाट-मुचलाट आहेत. म्हणजे मक्विनाचे लोक. ज्या खाडीत जुइटने होड्या मोजल्या, तीच त्यांची खाडी.

हे कळल्यावर मी स्ट्युअर्टच्या चित्रांकडे परत गेले तेव्हा तिच्या काटेकोरपणाची किंमत मला जास्त कळली, आणि त्या उपशीर्षकाचा त्रासही जास्त झाला. तिने काढलेली प्रत्येक गाठ त्या लोकांच्या बाजूची साक्ष आहे. पण साक्ष देण्यासाठी त्यांना स्वतःला भूतकाळात बसवून दाखवावं लागतं, आणि ‘सुरुवातीच्या काळातल्या’ हा शब्द नेमकं तेच करतो.

तिन्ही पुस्तकांत मला न सापडलेला आवाज शेजारच्या क्वाक्वाकाʼवाक्व लोकांबद्दलच्या एका ग्रंथात थोडा सापडतो. फ्रान्झ बोआसच्या नावाने १९२१मध्ये निघालेल्या त्या ग्रंथातला मजकूर जॉर्ज हंटने गोळा केला. हंट तिथेच वाढलेला, ती भाषा बोलणारा. त्यात अवजारं कशी करायची त्याची पायरीपायरीने माहिती आहे, आणि पकडलेल्या माशाशी बोलायचे शब्दही आहेत. कृती आणि प्रार्थना एकाच ग्रंथात, मूळ भाषेत, समोर भाषांतर. तिथे मासा पाहुणा म्हणून येतो.

वाचायला कुठून सुरुवात करावी, असं विचाराल तर जुइटपासून. पुस्तक स्वामित्वहक्काबाहेर आहे, फोनवर फुकट वाचता येतं. सॅल्मनचा उतारा शोधा. तो वाचून झाला की तिथेच न थांबता त्याने गुलामांबद्दल लिहिलेलं पानही काढा आणि दोन्ही लागोपाठ वाचा. लेखकाने त्यांना एकमेकांपासून लांब ठेवलं आहे. वाचकाने तसं ठेवायचं कारण नाही.